बेकर स्ट्रीटवरचे दोन आवाज

आवडत्या नटाचें नाटक पाहावयास जाणारा रसिक अर्धे समाधान पडदा वर जातांच मिळवितो. नट रंगमंचावर येतो, टाळ्या पडतात, त्याचा पेहराव, चाल, मान वेळावण्याची ढब हें सर्व डोळ्यांत साठवितां साठवितां पहिला अंक संपतो; काम बरें झालें कीं वाईट याचा विचार पुष्कळदां घरीं परततांना सुचतो. श्रुतिकेच्या श्रोत्यास यांतलें कांहींच मिळत नाहीं. नभोवाणीवरील नटाला अंग नाहीं, मुद्रा नाहीं, पोषाख नाहीं. तरीहि त्याच्यावर जीव टाकणारे लोक असतात, आणि त्यांचें प्रेम नाट्यगृहांतील रसिकांच्या प्रेमाहून पातळ असतें असें नाहीं. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधील टेकाडे भावजी ज्या घरांनीं मनापासून ऐकले, त्या घरांतील किती जणांनीं बाळ कुडतरकरांना रस्त्यांत नुसतें पाहून ओळखलें असतें? परंतु त्यांनीं तोंडांतून एक शब्द काढला असता तर ओळख पटण्यास दुसरा शब्द लागला नसता.

आज लिहावयाचें आहे तें मात्र सातासमुद्रांपलीकडील एका श्रुतिकामालेविषयीं. बी. बी. सी.च्या 'रेडिओ फोर'नें १९८९ ते १९९८ या काळांत शेरलॉक होम्सच्या सर्व कथा, म्हणजे छप्पन लघुकथा व चार कादंबऱ्या, नाट्यरूपानें ध्वनिक्षेपित केल्या. क्लाइव्ह मेरिसन हे होम्स आणि मायकेल विल्यम्स हे डॉक्टर वॉटसन. कॉनन डॉयलचें होम्सविषयक सारें लेखन एकाच जोडीनें असें तडीस नेण्याचा प्रसंग त्यापूर्वीं आला नव्हता. नाट्यरूपांतराचा मुख्य भार बर्ट कूल्स यांनीं वाहिला. कांहीं कथा इतर लेखकांनीं रचल्या. आमच्या घरीं हा ठेवा सी. डी.च्या रूपानें आला, आणि तेव्हांपासून रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत सतरंजी पडते.

होम्स नभोवाणीला नवखा नव्हे. १८९९ पासून रंगभूमीवर होम्सची भूमिका गाजविणारे अमेरिकन नट विल्यम जिलेट यांनीं १९३० सालीं, वयाच्या ७७ व्या वर्षीं, ती ध्वनिक्षेपकासमोर उभी केली. पुढें अमेरिकेंत बेसिल रॅथबोन व नायजेल ब्रूस आले. इंग्लंडांत १९५२ पासून १९६९ पर्यंत कार्लटन हॉब्ज व नॉर्मन शेली यांनीं मुलांना आणि मग थोरांनाहि वेड लाविलें. मध्यंतरीं १९५४ मध्यें जॉन गिल्गुड होम्स, राल्फ रिचर्डसन वॉटसन आणि ऑर्सन वेल्स मोरियार्टी असाहि थाटाचा योग जुळून आला. ज्यानें जो होम्स प्रथम ऐकला त्यास तोच खरा वाटतो. या वादांत पडण्यांत अर्थ नाहीं.

मेरिसन यांचा आवाज गोड नाहीं. तो धारदार आहे, चपळ आहे. वाक्याच्या मध्यावर तो एकाएकीं उसळतो, आणि हंसूं लागला तर ऐकणारा दचकतो. मूर्ख माणसासमोर बसलेल्या बुद्धिमान माणसाची घुसमट त्यांत ऐकूं येते. अशा आवाजाच्या चाहत्यांना सर्वांत अधिक मौज कोठें वाटत असेल तर ती होम्सच्या वेषांतरांत. पुस्तकांत वॉटसन फसतो, म्हणून त्याच्या डोळ्यांनीं पाहणारे आपणहि फसतों. रंगभूमीवर दाढीमिशा आणि टोप कामास येतात. येथें नटापाशीं वेषच नाहीं. त्यास आवाजाचें वेषांतर करावें लागतें, आणि तेंहि अशा श्रोत्यांपुढें, ज्यांना त्याचा मूळचा आवाज पाठ झालेला आहे! 'साइन ऑफ फोर'मधील धापा टाकणारा वृद्ध खलाशी, 'एम्प्टी हाउस'मधील चिडका पुस्तकविक्या, 'फायनल प्रॉब्लेम'मधील इटालियन धर्मोपदेशक, असा कोणी अनोळखी माणूस बोलूं लागला कीं आमच्याकडील पोरेंसोरें कान टवकारतात. कोणी ओरडतो, "तोच!" कोणी म्हणतो, "छे, हा निराळा." होम्सचा आवाज उघडा पडेपर्यंत पैज चालू राहते. नटास ओळखल्याचा आनंद मोठा कीं त्यानें आपणांस चकविल्याचा, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

'स्कँडल इन बोहेमिया'मध्यें तर हा डाव होम्सवरच उलटतो. दारापाशीं किल्ली शोधीत असतांना जवळून जाणारा एक तरुण त्याला नांवानें शुभरात्र म्हणून जातो, आणि हा आवाज कोठें तरी ऐकला आहे एवढेंच होम्सला जाणवतें. डॉयलनें ही कथा १८९१ मध्यें छापली, तेव्हां नभोवाणी कोणाच्या स्वप्नींहि नव्हती. पण वाचकाला जो आवाज नुसता वर्णनानें सांगितला, तो आतां श्रोत्याच्या कानांवर प्रत्यक्ष पडतो. होम्सला तो ओळखूं येत नाहीं; आपल्याला येतो काय, ही परीक्षा आपलीहि होते.

डॉयलच्या कथा कानासाठींच लिहिल्या असाव्यात असें पुष्कळ वेळां वाटतें. 'स्पेकल्ड बँड'मध्यें तर भयाचीं सारीं साधनें नादाचीं आहेत: अपरात्रीं येणारी बारीक शीळ, धातूवर धातू आपटल्याचा आवाज, मग काळोखांतील वाट पाहणें. याच्या उलट 'सिल्व्हर ब्लेझ'मध्यें सारें रहस्य कुत्रा भुंकला नाहीं यावर उभें आहे. जो आवाज झालाच नाहीं तो श्रोत्यानें कसा ऐकावा? वाचकाच्या डोळ्यांखालून ही गोष्ट निसटते त्याचें नवल नाहीं. पण केवळ आवाजावर लक्ष ठेवून बसलेल्या माणसाच्या हातूनहि ती निसटावी, आणि होम्सनें ती त्याच्या पदरांत टाकावी, ही गंमत नभोवाणीखेरीज अन्यत्र मिळणार नाहीं.

येथवर सर्व होम्सचें झालें. परंतु ही माला ऐकतां ऐकतां आमचें लक्ष हळूहळू दुसऱ्या आवाजाकडे वळलें. पुस्तकांतील वॉटसन ही एक खिडकी आहे. तिच्यांतून होम्स स्वच्छ दिसतो, म्हणून खिडकीकडे कोणी पाहात नाहीं. श्रुतिकेंत हें निवेदन बहुतांशीं गळून पडतें. वॉटसननें वाचकापाशीं जें बोलावयाचें तें आतां होम्सच्या तोंडावर बोलावें लागतें: आश्चर्य, राग, काळजी, क्वचित् कंटाळासुद्धां. खिडकी होती तेथें माणूस उभा राहतो. रॅथबोनच्या जोडीदारानें, नायजेल ब्रूसनें, वॉटसनला बावळट म्हातारा करून टाकलें होतें, आणि कित्येक वर्षें लोकांना तोच खरा वाटला. विल्यम्स यांनीं तो पुसून काढला. त्यांचा वॉटसन हा मुंबई बंदरावर उतरून अफगाण युद्धाकडे गेलेला, मैवंदच्या रणांत जखमी झालेला लष्करी डॉक्टर आहे. समंजस, धीट, मायाळू, आणि मित्राच्या कठोर बोलण्यानें दुखावला जाणारा. 'थ्री गॅरिडेब्स'मध्यें वॉटसनला गोळी लागते, तेव्हां होम्सचा नेहमींचा थंडपणा क्षणभर सुटतो. होम्सचे भक्त या एका क्षणासाठीं ती कथा पुनःपुन्हा वाचतात. श्रुतिकेंत चेहऱ्यावरील कळा दाखवितां येत नाहीं. जें काय तें एका हांकेंत आलें पाहिजे. तें तेथें येतें, कारण त्यापूर्वीं कित्येक तास हे दोघे एकमेकांशीं बोलत आलेले आपण ऐकलेले असतात.

मायकेल विल्यम्स २००१ सालच्या जानेवारींत वारले. विख्यात अभिनेत्री ज्यूडी डेंच यांचे ते पती. १९७१ मध्यें दोघांचा विवाह झाला होता, आणि दूरचित्रवाणीवरील 'अ फाइन रोमान्स' या मालिकेंत दोघांनीं एकत्र कामहि केलें होतें. पुढें २००२ मध्यें बर्ट कूल्स यांनीं नव्या होम्सकथा लिहून माला पुन्हां सुरू केली. होम्स मेरिसनच राहिले. वॉटसन म्हणून अँड्र्यू सॅक्स आले.

ही वार्ता आमच्या घरांत ज्या रात्रीं सांगितली गेली त्या रात्रीं माजघरांत दोन पक्ष पडले. वहिनींनीं नवा संच ऐकण्यास साफ नकार दिला.

"भावोजी, वॉटसन गेला तर होम्स आतां बोलतो कोणाशीं?" त्यांनीं विचारलें.

"आई, आवाज बदलला म्हणून कांहीं माणूस बदलत नाहीं," पुतण्या मध्येंच म्हणाला.

"दिवा मालवून बसल्यावर आवाजाखेरीज दुसरा माणूस तो कोठला रे? नाटकांत तोच कोट, तीच टोपी घालून दुसऱ्याला उभें करतां येतें. इथें काय घालणार?"

वहिनींच्या म्हणण्यांत तथ्य आहे. रंगभूमीवर भूमिका आणि नट यांच्यामध्यें पुष्कळ वस्तु असतात, आणि नट बदलला तरी त्या वस्तु जुनी ओळख धरून ठेवतात. नभोवाणीवर मध्यें कांहींच नाहीं. शिवाय सॅक्स यांच्यापुढें आणखी एक अडचण होती. १९३० मध्यें बर्लिन येथें जन्मलेला आणि १९३८ मध्यें आईबापांसह इंग्लंडांत आलेला हा गुणी नट सर्व इंग्लंडास माहीत होता तो 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेंतील मॅन्युअल नांवाचा, मोडकें इंग्रजी बोलणारा स्पॅनिश वाढपी म्हणून. ज्या तोंडून वर्षानुवर्षें गोंधळ ऐकला त्या तोंडून वॉटसन ऐकावयाचा!

असाच प्रसंग अमेरिकेंत १९४६ मध्यें आला होता, पण उलट बाजूनें. तेथें रॅथबोन भूमिका सोडून गेले, टॉम कॉनवे होम्स झाले आणि ब्रूस यांचा वॉटसन जागेवर राहिला. होम्स बदलणें अधिक कठीण असें कोणासहि वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. होम्सशीं श्रोत्याचें नातें कौतुकाचें, तर वॉटसनशीं सहवासाचें असतें. थोर माणसाच्या जागीं दुसरा थोर माणूस चालतो. रोज शेजारीं बसणाऱ्याची जागा भरतांना घर कुरकुरतें.

तरीहि आमचा कौल सॅक्स यांच्याच बाजूस आहे. त्यांनीं विल्यम्स यांची नक्कल केलेली नाहीं, आणि यांतच त्यांचें शहाणपण आहे. त्यांचा वॉटसन अधिक वयस्क, अधिक सावकाश वाटतो. पहिली कथा आम्ही परक्यासारखी ऐकली. दुसरीच्या मध्यावर मेरिसन यांचा होम्स त्याच्यावर खेंकसला, आणि तो अगदीं न डगमगतां उत्तरला. तेथें आमच्या मनांतील आडकाठी दूर झाली. आमच्या कानांस तर असें वाटतें कीं मेरिसनहि या नव्या मित्राशीं किंचित् निराळें बोलतात, थोडें जपून. दोन माणसांतील मैत्री एकाची मालमत्ता नसते. ती दोघांच्या बोलण्यांत नव्यानें घडावी लागते.

या नव्या श्रुतिका एकूण सोळा असून त्या २०१० पर्यंत चालल्या. वॉटसन आपल्या कथांतून जातां जातां ज्या प्रकरणांचा नुसता उल्लेख करतो, तीं कूल्स यांनीं उचललीं. उदाहरणार्थ, 'एंजिनियर्स थंब' या कथेच्या आरंभीं कर्नल वॉर्बर्टनच्या वेडाचें नांव येतें आणि पुन्हां त्याचें नांव नाहीं. त्यावर कूल्स यांनीं संबंध नाटक रचलें. कथानकाचा पीळ डॉयलइतका घट्ट सर्वत्र नाहीं हें कबूल केलें पाहिजे, पण संवाद मात्र त्यांचे स्वतःचे आणि मोकळे आहेत.

वहिनी अद्याप येऊन बसत नाहींत. स्वयंपाकघराचें दार मात्र हल्लीं उघडें असतें, आणि परवां ऐन प्रसंगीं आंतील भांड्यांचा आवाज थांबला होता.

ज्यांना ही माला नव्यानें ऐकावयाची असेल त्यांनीं आरंभ 'स्पेकल्ड बँड'नें करावा, दिवे मंद करावे, आणि दहा वर्षांखालील मुलांस आजीच्या जवळ बसवावें. 'स्टडी इन स्कार्लेट' क्रमानें पहिली असली तरी थोडी मागाहून ऐकलेली बरी. दोघे मित्र प्रथम कसे भेटले हें त्यांची मैत्री आवडूं लागल्यावर ऐकण्यांत अधिक गोडी आहे. घरांत ज्यांनीं कथा पूर्वीं वाचल्या असतील त्यांना शेवट न सांगण्याची शपथ घालावी. विल्यम्स यांच्या कथा संपवून सॅक्स यांच्याकडे वळतांना मध्यें पंधरा दिवस जाऊं द्यावे, ही वहिनींची सूचना. ती आम्ही जशीच्या तशी येथें देत आहों.