स्मृतीचा वारसा

भिगवणच्या परिसरातील मुलांना शिवरायांचा इतिहास परका नाही. शेजारचे इंदापूर आणि बारामतीकडील सुपे हे दोन्ही परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. नव्याने स्वतंत्र झालेले राष्ट्र अशाच स्मृतींच्या आधाराने उभे राहते. परंतु एकाच स्मृतीवर अनेकांचा हक्क असतो, आणि तेथेच राजकारणाची कसोटी लागते.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण केले. त्या वेळी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांनी वाटेत काळी निशाणे दाखवून निषेध केला. शिवराय दोघांनाही वंदनीय होते. मतभेद होता तो वर्तमानातील न्यायाविषयी. पुतळा उभारल्याने तो मिटला नाही. पुढे लोकांचा आग्रह मान्य झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

याच नेहरूंनी तुरुंगात लिहिलेल्या एका ग्रंथात शिवरायांवर टीका केली होती. त्यावर आक्षेप आल्यानंतर त्यांनी तो मजकूर बदलला. चूक उमगल्यावर ती सुधारण्यात कमीपणा नाही.

पूर्वजांचा जयघोष करणे सोपे असते. त्यांच्याविषयी सत्य शोधणे आणि आज न्यायाने वागणे कठीण असते. स्मृतीचा उपयोग द्वेष पेटविण्यासाठी झाला, तर राष्ट्र दुभंगते. कर्तव्य ओळखण्यासाठी झाला, तर ते बलवान होते. पूर्वजांचे खरे स्मरण ते हेच.