हळू बसव रे, चार हजार पिना आहेत!

ऑफिसात सर्व्हर डाऊन झाला की आपण काय करतो? सिस्टीमवाल्याच्या नावाने बोटं मोडतो आणि चहा प्यायला खाली उतरतो. पण तो डाऊन होऊ नये म्हणून कुणीतरी शनिवारी रात्री त्या थंडगार खोलीत राबत असतं, हे आपल्या गावीही नसतं.

माझा एक मित्र हेच काम करतो. परवा त्याला सर्व्हरचा प्रोसेसर बदलायचा होता. नवा पाहुणा म्हणजे एएमडीचा एपिक ७७६३. २०२१ मध्ये आलेली ही चिप. ६४ कोअर, आणि तेव्हाची यादीतली किंमत ७,८९० डॉलर! त्यात सोमवारी त्याच मशीनवरून अख्ख्या स्टाफचा पगार निघणार होता. 'ये बघायला, पण कशाला हात लावायचा नाही,' या अटीवर मला एण्ट्री मिळाली.

मला वाटलं, पठ्ठ्या आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर काढेल. छे! आधी बॅकअप. मग जुनी चिप जागेवर असतानाच बायॉस अपडेट. कारण जुन्या बायॉसला नवी चिप ओळखूच आली नाही तर मशीन सुरूच होणार नाही. मग शटडाऊन, आणि पॉवरच्या दोन्ही केबल काढायच्या. हो, दोन्ही! सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात.

त्यानंतर मनगटावर अँटिस्टॅटिक पट्टा. थंडीत दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो ना? तो आपल्याला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. चिप मात्र त्याहून कितीतरी कमी व्होल्टला खलास होऊ शकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

खरी धाकधूक पुढेच. या सॉकेटमध्ये केसासारख्या ४,०९४ पिना असतात. एक वाकली तरी गडबड, आणि मग अख्खा मदरबोर्डच बदलायची पाळी येऊ शकते. म्हणून चिप बोटांनी ठेवायचीच नाही. ती प्लॅस्टिकच्या चौकटीत येते, तीच चौकट रेलमध्ये सरकवायची. सॉकेटवरचं झाकण अगदी शेवटी काढायचं, टॉर्च मारून पिना बघायच्या आणि मग रेल अलगद खाली. जोर? अजिबात नाही.

वर तीन स्क्रू. शेजारी चक्क १, २, ३ असे आकडे छापलेले. आवळताना त्याच क्रमाने, सोडवताना उलट. तेही टॉर्कच्या स्क्रूड्रायव्हरने. ठरलेला जोर लागला की तो 'कट्' करतो. दाब कमी-जास्त झाला तर काही पिना नीट टेकत नाहीत आणि रॅमचे एक-दोन मोड्यूल चक्क गायब दिसतात!

शेवटी थर्मल पेस्ट, हीटसिंक, केबल आणि पॉवर. स्क्रीन काळीच. एक मिनिट... दोन मिनिटं... मी घामाघूम, हा शांत! 'मेमरी तपासतेय रे, सुरू करायला वेळ लागतो. घाबरून बंद करायचं नाही.' मग ६४ कोअर आणि सगळी रॅम स्क्रीनवर दिसली, तेव्हा कुठे तो हसला.

दुपारीच त्याच्या मॅनेजरने विचारलं होतं म्हणे, 'तीन स्क्रूंना तीन तास कशाला?' उद्या तुम्ही मॅनेजर झालात आणि सिस्टीमवाल्याने तीन तास मागितले, तर चार द्या. आणि मध्ये फोन करून 'झालं का?' विचारू नका, प्लीज!