गेमचा मंडप आणि आपली मुलं

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा नववीतला एक मुलगा नवीकोरी टोपी घालून वर्गात आला. टोपीवर एका व्हिडिओ गेमचं चिन्ह होतं. मोठ्या शहरात गेमचं प्रदर्शन भरलं होतं. मामूंबरोबर तो आणि त्याचा आठ वर्षांचा भाऊ तिथे जाऊन आले होते. "सर, अंदर पूरा शहर बनाया था. और सब फ्री!" टोपी फुकट कशी मिळाली, असं मी विचारलं. एक कोड स्कॅन करायचा, नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर भरायचा, की टोपी हातात. नंबर त्याने अम्मीचा दिला होता. धाकटा भाऊ मात्र दोन रात्री नीट झोपला नाही. गोळ्या घालून माणसं मारण्याचा एक गेम भिंतीएवढ्या पडद्यावर, येण्याजाण्याच्या वाटेवरच चालू होता.

मी स्वतः गेम खेळत नाही. पण त्या दिवसापासून हे मंडप कसे उभारतात याबद्दल वाचत गेलो. बी.एड.ला असताना पाठ-टाचण काढायला शिकलेल्या माणसाला त्यात बरंच काही ओळखीचं वाटलं.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला 1995 पासून 'ई-थ्री' नावाचं या उद्योगाचं प्रदर्शन भरू लागलं. 2016 साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने तिथलं आपलं दालन 'झेल्डा' मालिकेतल्या एकाच नव्या गेमला वाहिलं. गेममधला मुलूखच त्यांनी दालनात उभा केला आणि लोक तो गेम हातात घेण्यासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहिले. पुढच्याच वर्षी मारिओच्या नव्या गेमसाठी त्यांनी दालनात त्या गेममधलं 'न्यू डाँक सिटी' हे शहर उभारलं. त्याच 2017 साली ई-थ्रीने पहिल्यांदा सामान्य प्रेक्षकांसाठी 15 हजार तिकिटं विक्रीला काढली होती. एरवी ते प्रदर्शन व्यापारी आणि पत्रकारांसाठीच असायचं.

अशा दालनात काहीही सहज घडत नाही. आपण वर्गात आधी प्रस्तावना करतो, उत्सुकता जागी करतो, मग विषयाला हात घालतो, शेवटी स्वाध्याय देतो. इथेही तेच. रांग ही प्रस्तावना. रांगेत उभं असताना समोर पडदे असतात, पुढे काय आहे ते अर्धंच दिसतं आणि ओढ वाढते. मग कमान येते. ती ओलांडली की बाहेरचा उजेड आणि आवाज बदलतो. खेळायला ठरावीक मिनिटं मिळतात. मन भरायच्या आत वेळ संपते, ती संपावी अशीच योजना असते. मग फोटो काढायची जागा; तो फोटो मुलगा स्वतःच्या हाताने शंभर जणांना पाठवतो. आणि शेवटी बाहेर पडायच्या वाटेवर दुकान, नाहीतर नंबर लिहून घेणारं टेबल. हा स्वाध्याय.

यात कसब आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मी लहानपणी उरुसाच्या जत्रेत जायचो. तिथेही पाळण्याचे दिवे लांबून दिसतील असेच लावलेले असायचे. पण पाळणेवाल्याने माझ्या अम्मीचा पत्ता कधी विचारला नाही. त्याला चार आणे हवे होते. ते दिले की हिशेब संपला. या मंडपाचा हिशेब मूल घरी आल्यावर सुरू होतो.

कोणी म्हणेल, आता सगळं मोबाइलवरच असतं, या मंडपांना किती दिवस उरलेत? ई-थ्रीचं तसंच झालं. कंपन्या आपल्या घोषणा थेट इंटरनेटवरून करू लागल्या, त्यात कोविड आला, आणि डिसेंबर 2023 मध्ये ते प्रदर्शन कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. पण जर्मनीत कोलोन शहरात भरणाऱ्या 'गेम्सकॉम'ला 2024 साली सुमारे 3 लाख 35 हजार लोक आले. आपल्याकडेही मे 2025 मध्ये मुंबईत 'वेव्हज' नावाचं सरकारी संमेलन झालं, त्यात सिनेमाच्या बरोबरीने गेमिंगला जागा होती. म्हणजे हे मंडप आपल्या दारात वाढणारच आहेत.

कोलोनची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जर्मनीत गेमला वयाप्रमाणे दर्जा दिला जातो: सर्वांसाठी, 6, 12, 16 आणि 18 वर्षांपुढे. तिथल्या बालसंरक्षण कायद्याने 2003 पासून त्याला कायद्याचं बळ दिलं. त्यामुळे गेम्सकॉममध्ये वयाचा पुरावा दाखवून मनगटावर रंगीत पट्टा बांधून घ्यावा लागतो, आणि तो पाहूनच त्या त्या वयाच्या दालनात सोडतात. 18 वर्षांपुढच्या गेमचं दालन भिंतींनी बंद केलेलं असतं; बाहेरून जाणाऱ्या मुलाला पडदा दिसत नाही. म्हणजे कायदा पाळायची वेळ आली, तेव्हा मंडप उभारणाऱ्यांना तेही सुंदर करून दाखवता आलं. बंद दारामुळे उत्सुकता उलट वाढली असेल, पण आठ वर्षांचं मूल त्या पडद्यासमोर उभं राहिलं नाही.

आपल्या मोहल्ल्यात या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे सगळं हराम, तिकडे फिरकूच नका. दुसरा म्हणतो, पोरं आहेत, मजा करू द्या. पहिल्याचं कोणी ऐकत नाही, आणि दुसरा काही विचारतच नाही. मला तिसरी वाट हवी आहे. मंडप वाचायला शिका, आणि आयोजकाला प्रश्न विचारा.

प्रश्न दोनच. हिंसक गेमला भिंत का नाही? आणि मुलाची माहिती कोणाच्या परवानगीने घेतली? आपल्याच देशाच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. एका टोपीच्या बदल्यात ती संमती मिळाली असं धरता येत नाही.

आणखी एक सांगतो. 2023 साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड मिराज' या गेममध्ये नवव्या शतकातलं बगदाद आहे. अशा गेमचा मंडप उभारताना कमान कशी असावी, खत्ताती कोणती वापरावी, पाटीवरची अरबी अक्षरं जोडून लिहिली आहेत की तुटक आणि उलटी पडली आहेत, हे जाणणारं कोणीतरी हवं असतं. सुतारकाम, वीजकाम, शिलाई, कॅलिग्राफी हे हुनर आपल्या घरांत आहेत. मग आपली मुलं या मंडपाच्या रांगेतच का उभी राहावीत? काही जणांनी तो उभारायला शिकावं. आपला भाऊ आत येणार आहे हे जाणणारा कारागीर पडदा वाटेवर टांगताना एकदा विचार करील.

त्या मुलाला मी रागावलो नाही. फळ्यावर त्याच्याकडून त्या हॉलचा नकाशा काढून घेतला: रांग कुठे, कमान कुठे, मोठा पडदा कुठे, टोपीचं टेबल कुठे. वर्ग प्रश्न विचारत होता, तो खडूने दाखवत होता. टेबलापाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "सर, टोपी सबसे आख़िर में थी. नंबर दिए बग़ैर बाहर जाने का दूसरा रास्ता भी था. किसी ने बताया नहीं."

पुढच्या वेळी आपलं मूल अशा ठिकाणी निघालं, तर त्याला अडवण्याआधी किंवा पैसे देऊन मोकळं होण्याआधी त्याच्याबरोबर जा. परत आल्यावर त्याला नकाशा काढायला सांगा. बाहेर पडायची दुसरी वाट कुठे होती, हे त्याला विचारा.