खोक्यावर नुसते वॉट नकोत, प्रकाश लिहा

घरातल्या झाडांसाठी जे एलईडी दिवे विकले जातात, ज्यांना सगळे ग्रो लाइट म्हणतात, त्यांच्या खोक्यावर एक आकडा छापणं सरकारने सक्तीचं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. झाडाच्या उपयोगाचे प्रकाशकण तो दिवा दर सेकंदाला किती बाहेर टाकतो, एवढाच तो आकडा. त्याचं नाव पीपीएफ आणि तो मोजतात मायक्रोमोलमध्ये. हा आकडा असला तर दोनशे रुपयांचा दिवा आणि चार हजारांचा दिवा शेजारी ठेवून कुणालाही तुलना करता येईल. आज खोक्यावर सगळं असतं: सूर्याचं चित्र, लगडलेले टोमॅटो, ‘फुल स्पेक्ट्रम’ ही अक्षरं आणि तीन-चार आकडी वॉट. हा एक आकडा मात्र क्वचितच सापडतो.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली. आमच्या भागातल्या तीन-चार मजली इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत. लोकांना मोठी घरं मिळताहेत, त्यात वाईट काही नाही. पण शेजारी वीस मजले चढले की खालच्या मजल्यांचं ऊन जातं, आणि त्याची नोंद कुठल्याच करारात नसते. ज्या ग्रिलमध्ये तुळस, ओवा, पुदिना आणि डब्यातला कढीपत्ता वर्षानुवर्षं वाढला, तिथे आता दिवसाही सावली असते. ही माणसं दिवा शोधतात ती हौस म्हणून नाही. सासूबाईंनी लावलेली तुळस डोळ्यांदेखत वाळत असते म्हणून शोधतात. त्यांची फसवणूक होते, याचा मला राग आहे.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी असा दिवा आणला. खोक्यावर ‘१००० वॉट’. माझ्याकडे प्लगमध्ये बसवायचं वॉट मोजायचं छोटं यंत्र आहे, ते लावून पाहिलं तर दिवा शंभर वॉटसुद्धा घेत नव्हता. यात जादू काही नाही. दिव्यात दहा वॉटची म्हणून विकली जाणारी शंभर एलईडी बसवायची, प्रत्येकीला जेमतेम एक वॉट द्यायचा आणि खोक्यावर मात्र दहा गुणिले शंभर छापायचं. जुन्या सोडियम दिव्यांच्या तोडीचा, म्हणून ‘इक्विव्हॅलंट’, असा बारीक अक्षरातला खुलासा कुठेतरी असतो. तेलाच्या बाटलीवर लिटर न लिहिता बाटलीची उंची लिहावी, तसा हा प्रकार आहे.

खरे वॉट कळले तरी काम अर्धंच होतं. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. तेवढ्याच विजेत एक दिवा दुसऱ्याच्या दुप्पट प्रकाश देऊ शकतो. चांगल्या चिपचा आजचा दिवा एका ज्यूलमागे अडीच मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त देतो, हलका दिवा एकाच्या आसपास घुटमळतो. मग ल्युमेन पाहावेत का? ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो, म्हणून त्या रंगाला ल्युमेनमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळतात. झाडाचं गणित वेगळं आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रत्येक कण त्याच्या कामाचा असतो. पांढऱ्या दिव्यांची आपसात तुलना करायला ल्युमेन चालतील, पण लाल आणि निळ्या एलईडी एकत्र असलेल्या जांभळ्या दिव्यापुढे ते निरुपयोगी ठरतात.

आणि या बाबतीत आपल्या डोळ्यावर तर मुळीच विसंबू नये. भर दुपारच्या उघड्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, ट्यूब लावलेल्या दिवाणखान्यात तीनशे. दोन्हीकडे आपल्याला पेपर आरामात वाचता येतो, कारण बाहुली लहान-मोठी होते आणि मेंदू उरलेलं सांभाळून घेतो. झाडाला अशी सोय नाही. उन्हात त्याला दर चौरस मीटरला सेकंदाला दोन हजार मायक्रोमोलच्या जवळपास मिळतात, दिवाणखान्यात चार-पाच. एवढ्यावर मनी प्लांटसुद्धा जेमतेम तग धरतो, तुळशीचं तर नावच नको. ‘आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे’ असं कुणी म्हणालं की मी आधी रोपाकडे पाहते. देठ बारीक आणि लांबुडका, दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, सगळं झाड खिडकीकडे वाकलेलं. उजेड किती आहे, ते तिथे लिहिलेलं असतं.

आता जांभळ्या दिव्यांविषयी, कारण सर्वात जास्त गैरसमज इथेच आहे. पानातलं हरितद्रव्य काढून द्रावणात मिसळलं आणि ते कुठला प्रकाश शोषतं याचा आलेख काढला, तर निळ्यात आणि लालमध्ये उंच शिखरं दिसतात, मध्ये हिरव्यात दरी. हा आलेख पाठ्यपुस्तकांत असतो आणि मीही तो फळ्यावर काढला आहे. त्यावरून हिरवा प्रकाश झाडाला नकोच, असा निष्कर्ष लोक काढतात. पण पान म्हणजे परीक्षानळी नव्हे. टेक्सासच्या कीथ मॅक्री यांनी बावीस पिकांच्या जिवंत पानांवर मोजणी करून १९७२मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात हिरव्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण चांगलंच चालतं हे दिसलं. पुढे २००९मध्ये जपानच्या इचिरो तेराशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पांढरा प्रकाश प्रखर असेल तेव्हा त्यात वाढवलेला हिरवा प्रकाश तेवढ्याच वाढवलेल्या लाल प्रकाशापेक्षा जास्त कामाचा ठरतो, कारण लाल वरच्या थरातच शोषला जातो आणि हिरवा पानाच्या आतपर्यंत पोचतो.

जांभळ्या दिव्यामागे एके काळी प्रामाणिक कारण होतं. लाल आणि निळ्या एलईडी पांढऱ्यापेक्षा कमी विजेत जास्त कण देत, म्हणून अंतराळातल्या शेतीचे प्रयोग त्यांच्यावर झाले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या नासाच्या ‘व्हेजी’ या वाफ्यात लाल आणि निळ्याच्या जोडीला हिरव्या एलईडीही आहेत. २०१५च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तिथे वाढलेलं लेट्यूस खाल्लं. हिरवा प्रकाश नसेल तर पानं काळपट दिसतात, आणि तशी भाजी पाहून कुणाला खावीशी वाटणार? घरातही हाच मुद्दा आहे. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय, मावा लागलाय की करपा आलाय, काही म्हणजे काही कळत नाही. आणि ज्या खोलीत मुलं अभ्यासाला बसतात, तिथे तो रंग रोज बारा तास का सोसायचा? आता पांढऱ्या एलईडी पुरेशा कार्यक्षम झाल्या आहेत. घरासाठी पांढरा दिवाच घ्यावा. त्यात ६६० नॅनोमीटरच्या थोड्या लाल चिप असतील तर उत्तम.

मात्र दिव्याआधी खिडकी पाहा. परदेशी पुस्तकं दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम मानतात. ती युरोप-अमेरिकेसाठी बरोबर आहेत. आपल्याकडे मुंबई-ठाण्याला मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा थेट ऊन येतच नाही. थंडीत तीच खिडकी खोलीच्या आतपर्यंत ऊन आणते. म्हणून इथे पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी वर्षभर जास्त भरवशाची. ज्याच्याकडे तीन-चार तासांचं थेट ऊन आहे, त्याने दिव्यावर पैसे घालवू नयेत. फार तर पावसाळ्यापुरता एखादा लावावा.

ऊन नसेल तर किती प्रकाश लागेल, याचा हिशेब अवघड नाही. एका कुंडीतल्या तुळशीसाठी, पसारा फूटभराचा धरला, तर दर्जेदार पांढऱ्या दिव्याचे खरे वीस वॉट पुरतात. रोज बारा तास लावला तर महिन्याला सात-साडेसात युनिट. हिशेबाला युनिटमागे दहा रुपये धरले तरी पंचाहत्तर रुपयांच्या आत काम होतं. मेथी, मोहरी, कोथिंबीर कोवळी कापून खायची असेल, म्हणजे ज्याला हल्ली मायक्रोग्रीन्स म्हणतात, तर ग्रो लाइट नावाची वस्तू घेण्याचीही गरज नाही. नेहमीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली चार फुटी, वीस वॉटची पांढरी एलईडी बॅटन, तशा दोन. चार बाय एक फुटाच्या फळीवर, पानांच्या वर वीतभर अंतरावर. शंभरच्या आसपास मायक्रोमोल मिळतात आणि कोवळ्या भाजीला तेवढे पुष्कळ होतात.

टोमॅटोचा मोह मात्र टाळा. फळभाजीला पानभाजीच्या दुपटीने प्रकाश लागतो. एक चौरस मीटर जागेत टोमॅटो नीट फळायला चांगल्या प्रतीचे दोनशे वॉट, रोज चौदा तास. महिन्याला चौऱ्याऐंशी युनिट. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटला दराचे टप्पे बदलतात. या एका दिव्यापायी घराचं बिल वरच्या टप्प्यात गेलं तर त्या टोमॅटोचा खरा भाव काय पडेल, ते कागदावर मांडून पाहा. शिवाय दोनशे वॉटचा दिवा म्हणजे खोलीत दोनशे वॉटची उष्णता. मे महिन्यात ठाण्यात ती कुणाला हवी आहे? टोमॅटो मंडईतून आणावेत.

दिवा घेतला तर तो जवळ टांगा. छोटा बल्ब दुप्पट अंतरावर नेला तर प्रकाश चौथाईवर येतो. लांब ट्यूबचा साधारण निम्म्यावर. छताला लावलेला ग्रो लाइट झाडाला जवळजवळ काहीच देत नाही. टायमर लावा, झाडालाही रात्र हवी असते. शेवंतीसारखी झाडं तर रात्रीची लांबी मोजूनच फुलतात आणि रात्री दिवा चालू राहिला तर कळी धरत नाहीत. पाण्याच्या ट्रेशेजारी जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नका, अर्थिंग तपासून घ्या. मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, तरी अंदाजाला चालतं. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या आकड्याला सत्तरने भागा, उन्हात चोपन्नने. मायक्रोमोलचा ढोबळ आकडा हाती येतो.

पण ग्राहकाने भागाकार करत बसावं आणि विकणाऱ्याने वाटेल ते छापावं, हे मला मान्य नाही. आपल्याच देशात एलईडी बल्बचं काय झालं ते आठवावं. जानेवारी २०१५मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारने मोठ्या प्रमाणावर आणि ठरलेल्या दर्जाची खरेदी केली, आणि २०१४मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६मध्ये सरकारी खरेदीत चाळिसाच्या खाली आला. ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकित लेबल आज एलईडी बल्बवर असतं आणि ते दर वॉटला मिळणाऱ्या ल्युमेनवर ठरतं. म्हणजे यंत्रणा आहे, प्रयोगशाळा आहेत, सवय आहे. ग्रो लाइटसाठी तिथे ल्युमेनऐवजी मायक्रोमोल लिहायचे, इतकंच. अमेरिकेत डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम ही संस्था बागायती दिव्यांची यादी ठेवते. एका ज्यूलला ठरलेले किमान मायक्रोमोल दिल्याशिवाय दिव्याला तिच्या यादीत जागा मिळत नाही. भारतीय मानक ब्युरोने आणि ऊर्जा दक्षता ब्युरोने मिळून असा निकष आपल्याकडेही आणावा, आणि ‘इक्विव्हॅलंट वॉट’ छापायला बंदी घालावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहेच.

तोवर दुकानात तीन गोष्टी विचारा: प्लगला खरे वॉट किती, पीपीएफ किती, आणि किती उंचीवर किती जागेत किती प्रकाश पडतो याचा तक्ता आहे का. चोकवर मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असेल तर तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. उत्तर मिळालं नाही तर तो दिवा घेऊ नका, दोन पांढऱ्या बॅटन घेऊन घरी या. आणि घेतलेला दिवा खोक्यावर लिहिलेल्या वॉटच्या जवळपासही वीज घेत नसेल, तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.