आधी जोते, मग दिवाणखाना

घर बांधावयास निघालेला मनुष्य प्रथम दिवाणखान्याची दिशा ठरवतो, त्यानंतर देवघराची, त्यानंतर स्वयंपाकघरातील ओट्याची, आणि त्या भूमीविषयी सरकारदफ्तरी काय लिहून ठेवले आहे याची चौकशी मात्र सर्वांच्या शेवटी, बहुधा इसार देऊन झाल्यावर, करतो. या उलट्या क्रमाचे परिणाम मी साताऱ्यात आणि सांगलीत इतकी वर्षे पाहात आलो आहे की, बांधकामाच्या नियमावलीपेक्षा हा क्रमच मला अधिक दोषी वाटू लागला आहे.

गेल्या रविवारी सांगलीत एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या अडीच गुंठ्यांच्या भूखंडावर गेलो होतो. आराखडा मोठा देखणा होता. जोते मात्र शिरस्त्याप्रमाणे रस्त्यापासून दोन फूट. आम्ही कागद पसरून उभे असताना शेजारच्या आजी बाहेर आल्या आणि स्वतःच्या भिंतीवरील मातकट रेघेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, एकोणीस साली पाणी हितवर हुतं." तो हात त्यांच्या कपाळाच्याही वर गेला होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी मानतात. 2019 च्या ऑगस्टात तेथे कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर चढली होती. आकडा ऐकणे निराळे आणि म्हातारीचा वर गेलेला हात पाहणे निराळे.

डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने या रेघेला कायद्याचे रूप दिले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्याची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या दरम्यान नवे घर बांधण्यास मनाई, आणि निळी व लाल यांच्या दरम्यान बांधता येते, परंतु जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, वर घ्यावे लागते. गुरुजींच्या जागेवर लाल रेषेची पातळी रस्त्यापासून साडेपाच फुटांवर निघाली. म्हणजे जोते सात फुटांवर, म्हणजे सहा इंची चौदा पायऱ्या. याच नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला परवान्याच्या कटकटीतून जवळपास मोकळे केले आणि तीनशेपर्यंतच्या भूखंडाला दहा दिवसांची मुदत घालून दिली, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु दहा दिवसांत मिळणाऱ्या परवान्याने कृष्णेचे पाणी इंचभरही ओसरत नाही.

नियमांशी माझे भांडण जुने आहे, तथापि या एका नियमाच्या बाजूने मी साक्ष देईन. माझी तक्रार आहे ती त्याच्या मुक्कामाच्या जागेविषयी. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, पिकाची नोंद असते, सोसायटीचा बोजा असतो, कुळाचा उल्लेख असतो. पाणी कोठवर येते याचा रकाना नसतो. ती माहिती पाटबंधारे खात्याच्या नकाशात आणि नगररचना विभागाच्या दफ्तरात वसते, आणि खरेदीदार तेथे पोहोचतो तो खरेदीखतावर सही करून. जमिनीच्या उताऱ्यावरच पूररेषेची पातळी छापावी, एवढी साधी सुधारणा कोणत्याही मंत्र्याला का सुचू नये? (सुचली असेल, फाईल फिरत असेल.)

कागद आणि भूमी यांची ही फारकत सांगलीला नवी नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचे तुकडे पाडण्यास अटकाव केला, आणि ज्यांना भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडावयाचे होते त्यांनी शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे स्टँपपेपरवर घेतले. तेथे ना मंजूर रेखांकन, ना गटार. पुढे 2001 साली ही गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि 2021 साली त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणण्यात आली. सांगलीतल्या शामरावनगरात पावसाळी दिवशी गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे की, कायद्याने घर नियमित होते, अंगणात साचलेले पाणी होत नाही.

साताऱ्याची गोष्ट नेमकी उलट. 1949 साली याच जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. एकाच जिल्ह्याचे हे दोन भाग, परंतु एकाला पाण्याची धास्ती आणि दुसऱ्याला उताराची. पाच फूट आडवे जाताना जेथे भूमी एक फुटाहून अधिक चढते तेथे बांधकामाला परवानगी नाही, ही त्याच नियमावलीतील तरतूद डोंगराकडेचा प्लॉट "व्ह्यू" पाहून घेणाऱ्याला जाचक वाटते. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडींनी घरे गाडली, हे त्याने एकदा आठवून पाहावे.

गुरुजींनी अखेर आराखडा बदलला. खाली खांबांवर मोकळी जागा, वर घर; दिवाणखाना चार फुटांनी आखडला, गुडघ्यांचा विचार करून जिन्याला दोन्हीकडे कठडा आला. गुरुजींच्या पत्नीचा एकच प्रश्न उरला होता, तुळशीवृंदावन खाली अंगणात ठेवावे की वर? आराखडा काढणारे वास्तुविशारद उत्तर जुळवीत होते, तोवर शेजारच्या आजीच बोलल्या, "खाली नगा ठिवू. आमची गेली वाहून."