वाटप आणि वाट

दर वर्षी ३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन येतो. त्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत मांडव पडतात, तीनचाकी सायकली, कुबड्या आणि श्रवणयंत्रे यांचे वाटप होते, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. या वाटपाची टिंगल करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ज्याला सायकल मिळते त्याच्या आयुष्यात तिने मोठा फरक पडतो. प्रश्न त्यापुढचा आहे. तीच सायकल घेऊन तो माणूस दुसऱ्या दिवशी आपले काम घेऊन सरकारी कार्यालयात आला, तर त्याने कोठपर्यंत जावे? सायकल पहिल्या पायरीपाशी थांबते. त्या पायरीच्या पुढेही त्याचा हक्क असतो. फक्त वाट नसते.

वाटप आणि वाट या दोन गोष्टींतील फरक आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ध्यानात आलेला नाही. आला असेल, तर त्यांच्या अंदाजपत्रकांत तो उतरलेला नाही. जळगाव आणि धुळे या आपल्या दोन जिल्ह्यांचा विचार करताना हा फरक पुढे ठेवूनच बोलले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

अपंगांना समान संधी देणारा पहिला व्यापक कायदा संसदेने १९९५ साली केला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. पण खरा बदल संख्येचा नसून दृष्टीचा आहे. सार्वजनिक इमारत, रस्ता, वाहन आणि माहिती ही अपंगांना वापरता येण्याजोगी असणे हा त्यांचा हक्क आणि शासनाचे कर्तव्य ठरले. नव्या इमारतीत ही सोय नसेल तर तिला पूर्णत्वाचा दाखला देता येणार नाही, असे कायदा सांगतो. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले. म्हणजे ती मुदत २०२२ च्या जूनमध्येच संपली.

सर्वोच्च न्यायालयातही या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे. राजीव रतुडी या दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकेवर न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तपशीलवार आदेश दिले. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाने केंद्र शासनाच्या नियमांतील एक नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायद्याने जे बंधनकारक केले, ते त्या नियमाने मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ऐच्छिक करून ठेवले होते. हा निर्णय कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. ‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील अंतरातच गरिबांचे बहुतेक हक्क हरवत असतात.

दरम्यान ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द आला, आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही जाहीर झाला. शब्द बदलण्यास विरोध नाही, परंतु शब्द बदलायला खर्च येत नाही आणि पायरी बदलायला येतो. मी या लेखात जुनाच शब्द वापरतो आहे. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला त्याच्या पायांपेक्षा आपण बांधलेली पायरीच अधिक अपंग करते, हे त्या शब्दात मला अधिक स्पष्ट दिसते.

पाच टक्क्यांचे गणित

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ठरावीक वाटा अपंगांसाठी राखून ठेवावा, असे धोरण आहे. पूर्वी हा वाटा तीन टक्के होता, २०१८ पासून तो पाच टक्के झाला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांना तो लागू आहे. हे पाऊल स्वागतार्हच होते. अपंगांच्या संघटनांनी त्यासाठी आणि नंतर त्याच्या अंमलबजावणीसाठी ठिकठिकाणी जी आंदोलने केली, त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सूत्रात दोन मूलभूत दोष दिसतात.

पहिला दोष ‘स्वउत्पन्न’ या शब्दात आहे. ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि असेच किरकोळ कर. महामार्गालगतच्या किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या गावाची पट्टी मोठी असते. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांत, किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात जी आदिवासी गावे आहेत, तेथे घरेच कुडाची; पट्टी कसली आणि वसुली कसली! समजा, अशा एका ग्रामपंचायतीचे वर्षाचे स्वउत्पन्न एक लाख रुपये आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे पाच हजार. गावात पंचवीस अपंग असतील तर माणशी दोनशे रुपये. शेजारच्या सधन गावाचे उत्पन्न वीस लाख असेल, तर तितक्याच अपंगांना तेथे माणशी चार हजार मिळतील. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच कायद्याखाली, एका अपंगाचा हक्क दुसऱ्याच्या वीसपट! ज्या गावात गरज सर्वांत मोठी तेथे निधी सर्वांत लहान, असे हे सूत्र आहे. श्रीमंतीच्या प्रमाणात वाटला जाणारा हक्क हा हक्क राहत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. या पाच टक्क्यांतून करावयाच्या कामांत वैयक्तिक लाभांच्या जोडीला सामूहिक कामांचीही यादी आहे. सार्वजनिक इमारतींना उताराचा रस्ता, कठडे, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि लिफ्ट ही कामे त्या यादीत येतात. वरकरणी हे योग्य वाटते. पण त्याचा अर्थ काय होतो तो पाहा. इमारत सर्वांची, ती सर्वांना वापरता येईल अशी बांधणे हे कायद्याने शासनाचे कर्तव्य. आणि ते पार पाडण्याचा खर्च मात्र अपंगांच्या औषधोपचारासाठी, साधनांसाठी आणि धंद्याच्या भांडवलासाठी ठेवलेल्या वाट्यातून! ग्रामपंचायतीने रॅम्प बांधला तर त्या वर्षी कोणाची तरी मदत कमी होते, आणि मदत वाटली तर रॅम्प राहतो. धडधाकट माणसांसाठी जिना बांधताना त्यांच्या कल्याणनिधीतून कोणी पैसे कापत नाही. जिन्याचा खर्च इमारतीचा आणि उताराचा खर्च अपंगांचा, ही विभागणीच अन्यायाची आहे. तिच्यामुळे अपंगांमध्येच भांडणे लागतात, आणि साहजिकच हाती पडणाऱ्या रकमेच्या बाजूने कौल पडतो. उपाशी माणसाला भाकरी आणि रस्ता यांतून निवड करायला सांगणे हा काही लोकशाहीचा प्रयोग नव्हे.

मिळकत आणि तिचा उपयोग

अमर्त्य सेन यांनी अपंगत्वाच्या संदर्भात एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला आहे. अपंग माणसाला कमाई करणे अवघड जाते ही झाली एक अडचण. पण जी मिळकत हाती येते तिचे प्रत्यक्ष जगण्यात रूपांतर करणेही त्याला अवघड जाते, ही दुसरी अडचण. दारिद्र्याची मोजणी केवळ उत्पन्नावरून करणारे लोक ही दुसरी अडचण विसरतात. एस.टी.चे उदाहरण घ्या. अपंगांना भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे. ती आवश्यकच आहे. परंतु भाडे पाऊणपट उतरले म्हणून गाडीची पायरी एक इंचही उतरत नाही. ज्याला गाडीत चढताच येत नाही त्याच्या दृष्टीने सवलतीची किंमत शून्य. तो शेवटी खाजगी रिक्षा करतो आणि धडधाकट माणसाच्या कितीतरी पट भाडे भरतो. अगम्यता हा गरिबांवर बसवलेला एक न दिसणारा करच आहे.

जळगाव आणि धुळे

हा प्रश्न किती माणसांचा आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंगांची नोंद झाली. लोकसंख्येशी हे प्रमाण सुमारे २.६ टक्के पडते. त्याच जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळे जिल्ह्याची २० लाखांवर होती. राज्याचेच प्रमाण येथे धरले तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून दीड लाखाहून अधिक माणसे होतात. तेव्हाची व्याख्या आजच्याहून अरुंद होती, हेही ध्यानात ठेवावे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, आजारी माणसे आणि डोक्यावर ओझे वाहणारा हमाल हे सगळे याच उताराचे वाटेकरी आहेत. त्यांची तर यात गणनाच नाही.

दोन्ही शहरांत २००३ साली महापालिका आल्या. जळगाव महापालिकेचा कारभार सतरा मजली इमारतीतून चालतो. शहराला या इमारतीचा अभिमान आहे आणि तो स्वाभाविक आहे. पण इमारत जितकी उंच तितके नागरिकाचे लिफ्टवरील अवलंबित्व अधिक. लिफ्ट बंद पडली की धडधाकट माणूस कुरकुरत जिना चढतो; अपंग माणूस घरी परततो. म्हणून अशा इमारतीत लिफ्टची देखभाल हा किरकोळ दुरुस्तीचा विषय राहत नाही, तो नागरिकत्वाचा विषय होतो. सर्व विभागांचे अर्ज तळमजल्यावर एकाच ठिकाणी स्वीकारण्याची व्यवस्था करण्यास तर मोठा निधीही लागत नाही. हुडकोच्या कर्जाचे ओझे या महापालिकेने अनेक वर्षे वाहिले, हे खरे. पण तिजोरीच्या तंगीचे कारण पुढे करताना पहिली कात्री नेहमी दुबळ्यांच्याच तरतुदीला का लागते, हा प्रश्न विचारावाच लागेल.

याच जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात राज्यभरातून अपंग विद्यार्थी येतात आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. प्रशासनात अधिकारी होऊ पाहणाऱ्या या तरुणांना शहराच्या रस्त्यावरून कोणाचा हात न धरता वाचनालयापर्यंत जाता येते का, ही त्या शहराच्या प्रशासनाची परीक्षा आहे.

धुळ्याची गोष्ट वेगळी. १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेले हे नगर सरळ रस्त्यांसाठी आणि क्रमांकांच्या गल्ल्यांसाठी ओळखले जाते. अशी आखणी दृष्टिहीन माणसाला मार्ग लक्षात ठेवण्यास किती सोयीची! पण आग्रा रोडवरची गर्दी आणि अतिक्रमणे हा धुळेकरांचा जुना विषय आहे. सरळ आखलेला रस्ता मोकळा राखला नाही, तर पांढऱ्या काठीला त्या आखणीचा काय उपयोग? २०२३ साली दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. नगरसेवकच नव्हते, त्या काळात गल्लीतल्या अपंगाने गाऱ्हाणे सांगायचे तरी कोणाला होते? निवडणुका लांबणीवर पडतात तेव्हा सर्वांत आधी ज्यांचा आवाज बंद होतो त्यांत हा वर्ग असतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. जगभरचा अनुभव असा की मूळ आराखड्यातच सोय केली तर बांधकामाचा खर्च साधारणतः एक टक्क्याच्या आसपास वाढतो. इमारत उभी राहिल्यावर तोडफोड करून तीच सोय करणे मात्र महागात पडते. म्हणजे काटकसर हवी असेल तर सोय आधीच केली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की ‘आमच्याकडे अपंग फारसे येतच नाहीत.’ नदीवर पूल नाही म्हणून पलीकडे कोणी जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून पूल बांधायचा नाही, असा हा तर्क आहे. मतदानाच्या दिवशी निवडणूक आयोगाच्या दंडकाप्रमाणे केंद्रावर रॅम्प आणि चाकाची खुर्ची ठेवावी लागते. त्या दिवशी जे जमते ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांत का जमू नये? मत देण्यापुरता नागरिक, आणि दाखला मागायला आला की परका, हे चालू देता येणार नाही.

पाटाचा धडा

या बाबतीत खानदेशाला बाहेरून धडा घेण्याची गरज नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शतकानुशतके शेती भिजली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाची राखण गावाने करायची आणि पाणी ठरलेल्या पाळीने प्रत्येकाच्या शेताला. तेथे कोणी दरवर्षी मांडव घालून घागरी वाटल्या नाहीत. घागर ही त्या दिवसापुरती असते, पाट पिढ्यान्‌पिढ्या वाहतो. अपंगांच्या बाबतीत आपण अजून घागरी वाटतो आहोत.

आणि दुसरा वारसा साने गुरुजींचा. अमळनेर ही त्यांची कर्मभूमी. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. चोखोबाला महाद्वाराबाहेरच थांबावे लागले होते. गुरुजींनी ते दार उघडण्यासाठी प्राण पणाला लावले. जातीची बंदी आणि दगडाची पायरी एकच नव्हेत. एकीच्या मुळाशी द्वेष होता, दुसरीच्या मुळाशी बेपर्वाई आहे. पण बाहेर थांबलेल्या माणसाला दार बंदच दिसते.

काय करावे?

मागण्या मोजक्या असाव्यात. एक, प्रत्येक सार्वजनिक बांधकामाचा सुगम्यतेचा खर्च त्या कामाच्याच अंदाजपत्रकात धरावा; पाच टक्क्यांचा निधी त्याला लावू नये. दोन, ज्या ग्रामपंचायतींचे उत्पन्न तुटपुंजे आहे त्यांना राज्याने पूरक अनुदान द्यावे, म्हणजे दर अपंगामागे किमान रकमेची हमी राहील. तीन, इमारतींची तपासणी अपंगांना बरोबर घेऊन करावी आणि तिचा अहवाल जाहीर लावावा. चार, सोय नसलेल्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यास जबाबदार धरावे.

साथींनी यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहू नये. मोजपट्टी घ्यावी, गावातील एकदोन अपंग बंधुभगिनींना बरोबर घ्यावे आणि ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, दवाखाना, शाळा पाहून यावे. मान्य प्रमाण एकास बारा आहे: सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तिला अठरा फूट लांबीचा उतार हवा. सहा फुटांत उरकलेला रॅम्प ही घसरगुंडी असते. त्यावरून खुर्ची चढत नाही, फक्त कागद पुढे सरकतो. ही मोजमापे लिहून ग्रामसभेत ठेवावी आणि पाच टक्क्यांचा हिशेब मागावा. ती ग्रामसभाही अशा जागी भरवण्याचा आग्रह धरावा, जेथे त्या अपंगाला स्वतः येऊन बोलता येईल. आपल्या पक्षाच्या सभा आणि शिबिरे कोठे भरतात, हेही त्याच मोजपट्टीने मोजावे. जो हक्क आपण शासनाकडे मागतो, तो आपल्या दारात आधी दिसला पाहिजे.