भीड भिकेची बहीण

गृहसौख्याविषयीं या सदरांतून आम्ही दरमहा कांहीं ना कांहीं लिहीत असतों. या खेपेचा विषय जरा रुक्ष आहे, कारण तो एका बिलाचा आहे. परंतु घरांतील तंटे तत्त्वांपेक्षां बिलांवरून अधिक होतात, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आम्हां तिघां भावांचें कुटुंब पुण्यास एकत्र राहतें व मोटारही सर्वांत मिळून एकच आहे. गेल्या जुलैंत एके सायंकाळीं धाकट्या बंधूंचा मुलगा ती घेऊन सिंहगड रस्त्यानें घरीं येत होता. पाऊस मुसळधार होता आणि एका सखल जागीं गुडघाभर पाणी सांचलें होतें. पुढचीं वाहनें पार झालीं, तशी आपलीही होईल अशा समजुतीनें त्यानें गाडी आंत घातली आणि ती मध्येंच बंद पडली. चौघांनीं ढकलून ती कडेला आणली व रात्रीं ओढून वर्कशॉपांत नेली. ‘पाण्यांत बंद पडली,’ एवढेंच पुतण्यानें सांगितलें; आम्हींही पुढें कांहीं विचारलें नाहीं. वर्कशॉपच्या व्यवस्थापकांनीं तोंडीं वीस-पंचवीस हजारांचा अंदाज दिला. ‘बरें, करून टाका,’ असें म्हणून आम्ही मोकळे झालों. सतरा दिवसांनीं जें बिल हातीं आलें, तें १,३८,४०० रुपयांचें होतें.

विम्यावर आमची भिस्त होती, तीही फोल ठरली. मोटारीच्या सर्वसाधारण सर्वंकष विम्यांत पुराचा अंतर्भाव असतो हें खरें. पाण्यानें भिजलेल्या बैठका अगर बिघडलेल्या तारा यांची भरपाई त्यांतून मिळूं शकते. परंतु एका नुकसानींतून मागाहून ओढवलेलें दुसरें नुकसान त्यांतून वगळलेलें असतें, आणि पाणी शिरून मोडलेलें इंजिन बहुधा याच सदरांत घालतात. त्याकरितां ‘इंजिन प्रोटेक्ट’ नांवाचें जोड-कलम निराळा हप्ता भरून घ्यावें लागतें. तें आम्हीं घेतलें नव्हतें; किंबहुना तें असतें हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें.

पाण्यानें इंजिन मोडतें कसें, हें समजून घेण्यासारखें आहे. पेट्रोलच्या इंजिनांत पिस्टन वर येतो, तेव्हां सिलिंडरांतील हवा व इंधन यांचें मिश्रण सुमारें दहाव्या हिश्श्याइतकें दाबलें जातें. हवा दबते, पाणी दबत नाहीं. हवेच्या नळीवाटें पाणी आंत गेलें कीं पिस्टन वाटेंतच अडतो आणि त्याला ढकलणारा पोलादी दांडा वाकतो. गाडी मंद गतीनें पाण्यांत गेली असतां पुष्कळदां इंजिन गुदमरून नुसतें बंद पडतें आणि तोंवर फारशी हानि झालेली नसते. मग मालक अधीरपणें पुन्हां पुन्हां चालू करून पाहतो, तेव्हां खरा घात होतो. तसें न करतां गाडी ओढून नेली, प्लग काढून पाणी बाहेर काढलें, तेल व हवेची गाळणी बदलली, तर कित्येक इंजिनें थोडक्यांत वांचतात. आमच्या गाडीचा एक दांडा वाकला होता व सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उठले होते.

बिल आलें त्या रात्रीं धाकटे बंधु म्हणाले, ‘चूक माझ्या मुलाची आहे. पैसे मी एकटा देईन.’ हें बोलणें औदार्याचें नव्हतें. मनाला लागलेलें होतें. त्यांच्या पत्नीनें मुकाट्यानें पानें वाढलीं आणि स्वतः जेवावयास बसल्या नाहींत. वडील बंधु म्हणाले, ‘त्यापेक्षां गाडीच विकून टाकूं, म्हणजे हिशेब नको आणि बोलणीं नकोत.’ आज गाडी वेगळी झाली, तर उद्यां चूल वेगळी होण्यास कितीसा वेळ लागणार, हा विचार त्या क्षणीं प्रत्येकाच्या मनांत आला असावा. कारण कोणीच पुढें बोलेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या मातुःश्री भिंग घेऊन तें बिल वाचीत बसलेल्या दिसल्या. घरचा जमाखर्च त्यांनीं पन्नास वर्षें लिहिला आहे.

‘हें एसीचें निर्जंतुकीकरण कोणी सांगितलें होतें?’ त्यांनीं विचारलें.

‘कोणीच नाहीं.’

‘आणि ही नवी बॅटरी? जुनी कोठें आहे? तेल दोन ठिकाणीं कसें लागलें?’

आम्ही म्हणालों, ‘आई, एवढ्या मोठ्या ठिकाणीं जाऊन असलें कसें विचारावें? बरें दिसत नाहीं.’

‘अरे, वाण्याकडून सामान आलें कीं मी यादी ताडून घेत असें, तेव्हां तुला कधीं लाज वाटली नाहीं. भाजीवालीशीं दोन रुपयांकरितां घासाघीस करतां. मग जेथें लाख मोजावयाचे, तेथेंच तोंड कां शिवून बसतां?’

याला उत्तर नव्हतें. आम्ही दोघे बंधु बिल घेऊन वर्कशॉपांत गेलों. मोठी चकमक होईल अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तसें कांहींच घडलें नाहीं. न सांगतां केलेली एसीची स्वच्छता व रंगावरील लेप मिळून ९,७०० रुपये कमी झाले. जुनी बॅटरी तपासतां चांगली निघाली. ती परत बसवून ६,९०० रुपये उतरले. तेल व गाळणी दोनदां लागल्याचे ४,३०० रुपयेही वजा झाले. ‘आपण कांहीं बोललां नाहींत, म्हणून सर्वच करावयाचें असें आम्हीं धरलें,’ असें व्यवस्थापक अगदीं सौजन्यानें म्हणाले. बिल १,१७,५०० रुपयांवर आलें. उरलेलें काम खरें होतें व त्याचे दाम देणें प्राप्तच होतें. परंतु २०,९०० रुपये ही केवळ आमच्या भिडेची किंमत होती.

या अनुभवावरून चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्याशा वाटतात. गाडी देतांना तक्रार जॉब-कार्डावर लेखीं उतरवून घ्यावी व त्याची प्रत मागावी. अंदाज तोंडीं न घेतां कागदावर घ्यावा. सुटे भाग व मजुरी निरनिराळी मांडावयास सांगावी आणि अमुक रकमेवर जावयाचें झाल्यास आधीं विचारावें, अशी अट त्याच कागदावर लिहावी. इंजिन उघडल्यावर स्वतः जाऊन पाहावें. काम मोठें असेल तर दुसऱ्या जाणत्या कारागिराचें मत घ्यावें. बदललेले जुने भाग परत मागावे. प्रामाणिक कारागिरास यांतील कशाचाही राग येत नाहीं.

एवढें करूनही वाद उरला, तर पैसे न देतां गाडी ओढून आणूं म्हटल्यास तें साधत नाहीं. ज्यानें वस्तूवर श्रम व कौशल्य खर्चिलें, त्यास मोबदला मिळेतों ती वस्तु अडकवून ठेवण्याचा हक्क १८७२ च्या करार-कायद्याच्या १७० व्या कलमानें दिलेला आहे. अशा वेळीं बिलावर लेखीं हरकत नोंदवून पैसे द्यावे, गाडी सोडवावी व मग दाद मागावी. २० जुलै २०२० पासून अमलांत येऊं लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं, वकील दिलाच पाहिजे असें नाहीं, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तत्पूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा सल्ला घ्यावा. ‘हें कितीचें व कां?’ असें विचारण्याचें वळण महाराष्ट्रास नवें नाहीं. १९७५ त स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें हजारों मध्यमवर्गीय कुटुंबांस तेंच शिकविलें. आम्ही मात्र तें किराण्यापुरतेंच शिकलों.

वीस हजार वांचवून आम्ही विजयी मुद्रेनें घरीं परतलों. मातुःश्रींनीं तो हिशेब ऐकला, आणि मग कोपऱ्यांत बसलेल्या नातवास जवळ बोलावून विचारलें, ‘गाडी बंद पडल्यावर तूं काय केलेंस रे?’

तो बराच वेळ खालीं पाहत होता. मग म्हणाला, ‘आजी, तीनदां चालू करून पाहिली. तिसऱ्यांदां आंतून मोठा आवाज झाला.’

‘घरीं फोन कां नाहीं केलास?’

‘काकांना करणार होतों. पण ते रागावतील असें वाटलें. तशीच चालू झाली तर कोणाला कळणार नाहीं, असाही विचार आला.’

आमची विजयी मुद्रा तेथेंच उतरली. त्यानें फोन केला असता तरी ‘चालू करूं नको’ हें सांगण्याइतकें ज्ञान त्या दिवशीं आम्हांस होतें असें नाहीं. परंतु ज्या मुलाला आम्हीं सायकल शिकविली, त्याला भर पावसांत अडकला असतां आमचा आधार वाटण्याऐवजीं धाक वाटावा, ही गोष्ट कोणत्याही बिलापेक्षां अधिक जड होती. व्यवस्थापकांस विचारण्याची जी भीड आम्हांस होती, तीच आम्हांस विचारण्याची त्याला होती. आणि दोहोंची किंमत एकाच कागदावर लिहून आली होती.

रक्कम तिघां भावांत सारखी वांटली गेली. पुतण्या नुकताच नोकरीस लागला आहे. त्यानें आपण होऊन दरमहा दोन हजार रुपये घरच्या पेटींत टाकण्याचें कबूल केलें, आणि त्याच्या वडिलांनीं त्याला मोडता घातला नाहीं. त्या रात्रीं आमच्या धाकट्या वहिनी सर्वांबरोबर जेवावयास बसल्या. गाडी विकण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

आतां गाडीच्या कप्प्यांत, कागदपत्रांच्या वर, आमच्या हस्ताक्षरांत एक चिठ्ठी असते. ‘पाण्यांत गाडी बंद पडल्यास पुन्हां चालू करूं नये. घरीं फोन करावा.’ एवढें लिहून आम्हीं ती मातुःश्रींस दाखविली, तेव्हां त्यांनीं आणखी एक ओळ घालावयास लावली. ती अशी: ‘कोणीही रागावणार नाहीं.’